विमानाशिवाय पॅरिस ते सिंगापूर : रेल्वेने जायचं नियोजन करतोय, मदत हवी आहे

खिडकीजवळची (धागालेखिका)

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी आम्हा दोघांना मोठी सुट्टी जोडून घेता येणार आहे. पॅरिसहून सिंगापूरला जायचं आहे आणि विमानात बसायचं नाही असं ठरवलं आहे. कारण एकच, हवामान. वर्षभर जपून वागून जेवढं उत्सर्जन वाचतं, त्याहून जास्त एका लांबच्या उड्डाणात होतं, हे कळल्यापासून तिकीट काढायला हात धजत नाही.

नकाशा समोर ठेवून आखलेला कच्चा मार्ग असा : पॅरिस, म्युनिक, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बुखारेस्ट, इस्तंबूल, अंकारा, कार्स, तिबिलिसी, बाकू. तिथून बोटीने कॅस्पियन समुद्र ओलांडून कझाकस्तानातलं अकताऊ. मग अल्माटी, उरुम्छी, लानचौ, कुनमिंग, व्हिएन्तियान, बँकॉक, क्वालालंपूर आणि जोहोर बाहरूवरून सिंगापूर.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा मार्ग सध्या खरंच चालू आहे का? इतकं अंतर रेल्वेने कापल्यावर पर्यावरणाच्या दृष्टीने किती फरक पडतो? आणि इतक्या देशांची तिकिटं कोणत्या क्रमाने काढायची? ज्यांनी यातला एखादा टप्पा केला असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

नकाशावाचक

ताई, मार्ग सुरेख आखलाय. पण अडचण कुठे आहे ते आधीच सांगतो, म्हणजे पुढचं नियोजन वाया जाणार नाही.

पॅरिस ते तिबिलिसी जमतं. कुनमिंग ते सिंगापूर तर आता पूर्वीपेक्षा कितीतरी सोपं झालंय. घोडं अडतं ते मधे, तिबिलिसी ते अल्माटीच्या दरम्यान. अझरबैजानने २०२० मध्ये साथीच्या काळात जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या आणि त्यानंतर ती मुदत वर्षानुवर्षं वाढवत नेली. विमानाने बाकूला उतरता येतं, पण जॉर्जियातून रस्त्याने किंवा रेल्वेने आत जाता येत नाही. बाकू-तिबिलिसी-कार्स हा लोहमार्ग २०१७ मध्ये सुरू झाला, पण मालगाड्यांसाठी. कार्स ते तिबिलिसी तुम्हाला बसनेच जावं लागेल.

कॅस्पियनवरची बोट म्हणजे मालवाहू फेरी. तिला वेळापत्रक नाही. रेल्वेचे डबे आणि ट्रक भरले आणि वारा शांत असला की ती सुटते. बाकूच्या दक्षिणेला अलात बंदर आहे, तिथे लोक कित्येक दिवस वाट बघत थांबलेले आहेत. पलीकडे कधी अकताऊला लागते, कधी कुरिकला.

उत्तरेकडून जायचं तर रशिया. सायबेरियातून जाणारा मॉस्को-व्लादिवोस्तोक हा ९,२८९ किलोमीटरचा मार्ग २००२ पासून संपूर्ण विजेवर चालतो, त्यामुळे उत्सर्जनाच्या दृष्टीने तो खरं तर उत्तम. मॉस्को-बीजिंग थेट गाड्या २०२० मध्ये थांबल्या. हेलसिंकी ते सेंट पीटर्सबर्ग गाडी मार्च २०२२ मध्ये बंद झाली. युद्ध चालू असताना तिकडून प्रवास आखावा असं मी कुणालाच सुचवणार नाही. विमा, पैसे पाठवण्याची सोय, दूतावासाची मदत यातलं काहीच गृहीत धरता येत नाही.

दक्षिणेकडून इराण, तुर्कमेनिस्तान असा मार्ग रुळांच्या दृष्टीने जुळतो. व्हिसा आणि सुरक्षितता यांचं गणित मात्र पासपोर्टागणिक आणि महिन्यागणिक बदलतं.

थोडक्यात, अशा प्रवासात रूळ कुठवर आहेत यापेक्षा सीमा कुठे उघड्या आहेत हे आधी बघावं लागतं. निघण्याआधी प्रत्येक सीमेची ताजी स्थिती तपासा. मार्क स्मिथ यांचं २००१ पासून चालू असलेलं 'सीट सिक्स्टी-वन' हे संकेतस्थळ यासाठी सर्वात भरवशाचं वाटतं, कारण ते सतत सुधारलं जातं.

आकडेमोड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. माझ्या आवडीचा विषय आहे, त्यामुळे लांबेल.

ब्रिटिश सरकार दरवर्षी उत्सर्जन मोजण्यासाठी गुणांक प्रसिद्ध करतं. अलीकडच्या वर्षांचे ढोबळ आकडे असे. एका प्रवाशामागे एका किलोमीटरला साधी रेल्वे सुमारे ३५ ग्रॅम, इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालून जाणारी युरोस्टार ४ ते ५ ग्रॅम, देशांतर्गत विमान २५० ग्रॅमच्या आसपास, लांब पल्ल्याचं विमान इकॉनॉमी वर्गात १५० ग्रॅमच्या आसपास. विमानाच्या आकड्यांत उंचावरच्या इतर परिणामांचा अंदाजही धरलेला आहे.

हे 'इतर परिणाम' बाजूला टाकू नका. एक किलो इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे झालं सरळ. शिवाय उंचावर वाफेच्या पांढऱ्या रेघा उमटतात, त्या पसरून ढगांसारख्या होतात आणि पृथ्वीची उष्णता अडवतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा परिणाम वेगळाच. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानवाहतुकीचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, पण आजवरच्या तापमानवाढीतला तिचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास मोजला गेला आहे, तो यामुळे.

आता तुमचा प्रवास. पॅरिस ते सिंगापूर सरळ हवाई अंतर पावणेअकरा हजार किलोमीटरच्या घरात. दीडशे ग्रॅमने गुणलं तर एका माणसाचे, एका दिशेचे, १.६ टन. बिझनेस वर्गात बसलात तर जागा जास्त व्यापता म्हणून साधारण तिप्पट.

रेल्वेचा मार्ग वळणावळणाचा, त्यामुळे अंतर सोळा ते अठरा हजार किलोमीटर धरा. ३५ ग्रॅमने ते सहाशे किलोच्या आसपास येतं. वाटेत काही टप्पे डिझेल इंजिनाचे आहेत, आणि चीन आणि कझाकस्तानची वीज बऱ्याच अंशी कोळशाची आहे. शयनयानात एका डब्यात माणसं कमी मावतात, म्हणून माणशी वाटा वाढतो. म्हणजे हा आकडा वर सरकू शकतो. तरी विमानाच्या निम्म्यापेक्षा कमीच.

पण ताई, तो शून्य नाही. सहाशे किलो जातानाचे आणि तेवढेच परतीचे. रेल्वेने गेलं म्हणजे हवं तितकं फिरायला मोकळं, असं नसतं. अंतर हाच सगळ्यात मोठा गुणक आहे.

आणि परत येताना विमान घेणार असाल तर कमावलेल्यातलं अर्धं तिथेच परत जातं. त्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये.

मुक्कामपोस्ट

वाचनखूण साठवली. आकडेमोड, फार नेमका प्रतिसाद.

एक मनापासून विचारायचं आहे, वाद घालायचा म्हणून नाही. विमान तर उडणारच. मी नाही बसलो तर ती खुर्ची रिकामी जाईल, इंधन तेवढंच जळेल. मग माझ्या न बसण्याने वातावरणात प्रत्यक्ष काय बदलतं?

आकडेमोड

एका उड्डाणापुरतं बघितलं तर तुमचं म्हणणं बरोबर. पण विमान कंपन्या उड्डाणं मागणी बघून ठरवतात. एका मार्गावर खुर्च्या रिकाम्या जायला लागल्या की आधी लहान विमान लावतात, मग फेरी कमी करतात. कुणाच्या तरी एका तिकिटावर एक पूर्ण फेरी कमी होते. ते तिकीट आपलंच असेल की नाही हे कळत नाही, म्हणून सरासरीने धरतात, आणि सरासरी म्हणजे एका खुर्चीचा वाटा.

याला जोडून एक आकडा. २०१८ साली जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे ११ टक्के लोकच विमानात बसले, आणि देशाबाहेर उडालेले फार तर ४ टक्के. 'सगळेच उडतात' असं आपल्याला वाटतं, कारण आपल्या भोवतीचे उडतात.

रात्रगाडी

मुक्कामपोस्ट यांच्या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. विमान रिकामं जाण्याचा विचार आपण करतो, पण गाडी भरण्याचा करत नाही. रात्रगाड्यांचं गेल्या काही वर्षांत काय झालं ते बघा.

जर्मन रेल्वेने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या शयनयान गाड्या बंद केल्या. परवडत नाहीत, हे कारण. त्यातले बरेच मार्ग ऑस्ट्रियाच्या रेल्वेने उचलले आणि 'नाइटजेट' नावाने चालवले. लोक बसले, गाड्या भरल्या, नवे डबे बांधायला टाकले आणि २०२३ च्या डिसेंबरात ते रुळावर आले. मे २०२३ मध्ये 'युरोपियन स्लीपर' या छोट्या सहकारी कंपनीने ब्रसेल्स ते बर्लिन गाडी सुरू केली, पुढच्या वर्षी ती प्रागपर्यंत वाढवली. हे सगळं झालं ते प्रवाशांनी तिकिटं काढली म्हणून.

पण याच गोष्टीला दुसरी किनार आहे, आणि तिने मला फार वाईट वाटतं. पॅरिस-व्हिएन्ना आणि पॅरिस-बर्लिन या नाइटजेट डिसेंबर २०२५ मध्ये बंद झाल्या. फ्रेंच सरकारने अनुदान काढून घेतलं हे कारण. प्रवासी होते, तरीही.

असं का होतं? रात्रगाडीचं अर्थकारण मुळातच कठीण. दिवसाच्या डब्यात सत्तर-ऐंशी माणसं बसतात, शयनयानात त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. एक जागा रात्रीतून एकदाच विकता येते, दिवसाची गाडी तीच जागा चार वेळा विकते. प्रत्येक किलोमीटरला रूळ वापरण्याचं भाडं द्यावं लागतं. रात्रभर कर्मचारी, चादरी, धुलाई. सीमा आली की दुसरं इंजिन, कारण विजेचा दाब आणि सिग्नलची पद्धत देशागणिक वेगळी.

आणि समोर स्पर्धा कुणाशी? १९४४ च्या शिकागो कराराने दुसऱ्या देशात उतरलेल्या विमानाच्या टाकीतल्या इंधनावर कर लावायला मनाई केली. पुढे देशादेशांमधल्या करारांनी ती सूट विमानतळावर भरलेल्या इंधनापर्यंत वाढवली. आंतरराष्ट्रीय विमान तिकिटावर युरोपात व्हॅट नाही. रेल्वेच्या विजेवर मात्र बऱ्याच देशांत कर आहे, आणि काही देशांत आंतरराष्ट्रीय रेल्वे तिकिटावर व्हॅटही आहे. मग लोक म्हणतात विमान स्वस्त आहे. ते स्वस्त ठेवलं गेलंय.

फ्रान्सने २०२३ मध्ये, रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येतं अशा ठिकाणी विमानबंदी केली. प्रत्यक्षात पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नाँत आणि लियाँ एवढेच तीन मार्ग बंद झाले. त्यातही जोडउड्डाणाच्या प्रवाशांना सूट. पाऊल चांगलं, पण किती छोटं!

म्हणून मी म्हणते, रेल्वेने जाणं ही आपल्या एका खुर्चीपुरती गोष्ट नाही. गाडीत माणसं दिसली तरच 'ही गाडी पुढच्या वेळापत्रकात ठेवा' असं म्हणायला कुणाच्या तरी हातात काही असतं.

मुक्कामपोस्ट

पटलं. गाडी भरण्याच्या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता.

लांबपल्ला

कुनमिंग ते सिंगापूर हा टप्पा मी केला आहे, त्याबद्दल लिहितो.

चीन-लाओस रेल्वे ३ डिसेंबर २०२१ ला सुरू झाली. कुनमिंग ते व्हिएन्तियान १,०३५ किलोमीटर. सीमा ओलांडणारी प्रवासी गाडी १३ एप्रिल २०२३ पासून धावते. आधी जिथे डोंगरातल्या रस्त्यांवर बसने हाडं खिळखिळी व्हायची, तिथे आता सकाळी बसलं की संध्याकाळी व्हिएन्तियान. लाओसमध्ये गाडी निम्मा वेळ तरी बोगद्यांत असते. एक बोगदा संपतो, दरी दिसते न दिसते तोच पुढचा. सीमेवर मोहान आणि बोतेन अशा दोन्ही ठिकाणी सगळं सामान घेऊन उतरावं लागतं, तपासणी होते आणि परत त्याच गाडीत बसायचं.

संपूर्ण मार्ग विजेवर आहे. तुमचा हेतू पर्यावरणाचा आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

व्हिएन्तियानला मात्र गाडी बदलावीच लागते, कारण चीनकडून आलेल्या दोन रुळांमधलं अंतर १,४३५ मिलिमीटर आणि थायलंडच्या रुळांमधलं १,००० मिलिमीटर. स्थानकंही वेगळी आणि एकमेकांपासून दूर. थायलंडकडे जाणारी गाडी खामसावात स्थानकावरून सुटते. जुलै २०२४ पासून तिथून थेट बँकॉकची रात्रगाडी आहे, त्याआधी नोंगखाईला उतरून गाडी बदलावी लागे. बँकॉकहून रात्रगाडीने पडांग बेसार. हे सीमेवरचं स्थानक, थाई आणि मलेशियन दोन्ही तपासण्या तिथेच. पुढे मलेशियाच्या विजेच्या गाड्या, वेगवान आणि स्वच्छ. शेवटी जोहोर बाहरू ते वूडलँड्स हा खाडीवरचा पूल, गाडी पाच मिनिटांत पोचवते. सिंगापूरचं जुनं तांजोंग पगार स्थानक २०११ मध्ये बंद झालं, त्यामुळे रेल्वेने 'शहरात' उतरता येत नाही, वूडलँड्सहून पुढे शहरी वाहतूक.

चीनच्या गाड्यांविषयी दोन गोष्टी. तिकिटं निघण्याच्या १५ दिवस आधी खुली होतात, त्याआधी मिळत नाहीत. आणि पासपोर्ट हेच तिकीट, त्यामुळे तिकीट काढताना पासपोर्टचा क्रमांक अचूक हवा. स्थानकात शिरताना सामान यंत्रातून जातं, चाकू आणि फवाऱ्याचे डबे काढून घेतात.

उरुम्छी ते लानचौ हा १,७७६ किलोमीटरचा वेगवान मार्ग २०१४ मध्ये झाला. वाळवंटातला वारा इतका जोराचा असतो की रुळांच्या कडेने मैलोन्‌मैल वारा अडवणाऱ्या भिंती बांधल्या आहेत. खिडकीतून बराच वेळ ती भिंतच दिसते, हे आधी माहीत असलेलं बरं.

सहप्रवासी

विषयाला थोडं धरून : युरोपातून भारतापर्यंत रुळांवरून येता येतं का? कुणाला माहिती आहे का?

नकाशावाचक

रूळ जवळजवळ सलग आहेत, गाड्या नाहीत. तुर्कस्तानातून इराण, इराणच्या आग्नेय टोकाला जाहेदान. तिथपर्यंतचा बाम-जाहेदान दुवा २००९ मध्ये पूर्ण झाला. जाहेदानला १,४३५ मिलिमीटरचे रूळ संपतात आणि क्वेट्टाकडून आलेले १,६७६ मिलिमीटरचे सुरू होतात. तो भाग प्रवाशांसाठी सुरक्षित नाही. त्याच्या पुढची समझौता एक्स्प्रेस १९७६ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये थांबली. तुर्कस्तानात फक्त व्हान सरोवराचा खंड आहे, तिथे डबे फेरीवर चढवून पलीकडे नेत. पूर्वेला म्यानमारकडून तर रूळच जोडलेले नाहीत.

खिडकीजवळची (धागालेखिका)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके सविस्तर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

परतीचं मी मुद्दामच लिहिलं नव्हतं, कारण तिथेच आमचं अडत होतं. सुट्टी एका दिशेला पुरते, परत येताना विमान घ्यावं लागणार असं दिसतं. आणि आता अझरबैजानमुळे जातानाही मधे विमान.

नकाशावाचक, तिबिलिसी ते अकताऊ एवढंच विमान घेतलं तर? सरळ अंतर साडेपाचशे-सहाशे किलोमीटर दिसतंय. की एकदा ठरवलं तर अजिबातच बसू नये?

नकाशावाचक

मी असतो तर घेतलं असतं. सहाशे किलोमीटरला दीडशे किलो धरा. बाकीच्या दहा हजारांचं उत्सर्जन वाचत असेल तर तेवढ्यासाठी सगळा बेत मोडण्यात अर्थ नाही. अडचण सरकारांनी उभी केली आहे, ती तुमच्या निश्चयाची परीक्षा समजू नका.

पुढे अल्माटीहून उरुम्छीची थेट गाडी २०२० पासून थांबलेली आहे, तेव्हा अल्माटीहून अल्तिनकोलपर्यंत रेल्वे, खोर्गोसची सीमा बसने, आणि चीनच्या बाजूने परत रेल्वे असं करावं लागेल.

रात्रगाडी

माझं मत वेगळं आहे. एका छोट्या उड्डाणाला माझी हरकत नाही, परतीच्या विमानाला आहे. दहा-अकरा हजार किलोमीटर उडून परत यायचं असेल तर त्या प्रवासाला 'विमानाशिवाय' म्हणता येणार नाही. रागावू नका ताई, तुम्ही हेतू इतका स्वच्छ मांडलात म्हणून स्पष्ट लिहितेय. सुट्टी जेवढी आहे तेवढ्यात जाऊन-येऊन रेल्वेने जे गाठता येईल तेच ठिकाण निवडावं.

आकडेमोड

रात्रगाडी यांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो.

पॅरिस ते तिबिलिसी रेल्वेने आणि शेवटी बसने, सव्वापाच हजार किलोमीटरच्या आसपास. ३५ ग्रॅमने १८० किलो. जाऊन-येऊन ३६० किलो. सिंगापूरला नुसतं जातानाच सहाशे. सिंगापूरला रेल्वेने जाऊन विमानाने परत आलात तर २.२ टन.

म्हणजे ३६० किलो विरुद्ध २,२०० किलो. वाहन बदलून जेवढं वाचतं, त्याहून जास्त ठिकाण बदलून वाचतंय. मला वाटतं हा या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा हिशेब आहे. एरवी आपण ठिकाण आधी ठरवतो आणि मग तिथे कसं जायचं ते बघतो. उत्सर्जन खरंच कमी करायचं असेल तर किती दिवस आहेत आणि त्यात जमिनीवरून कुठवर पोचता येतं, तिथून सुरुवात करावी लागते.

खिडकीजवळची (धागालेखिका)

काल रात्री आम्ही दोघं यावर बराच वेळ बोललो. सिंगापूरचा हट्ट सोडतोय. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मूळ कारण हवामान होतं, आणि हिशेब इतका स्पष्ट समोर असताना तो बाजूला ठेवून जायचं मन होईना.

नवा बेत : पॅरिस ते इस्तंबूल, अंकारा, कार्स, बसने जॉर्जिया, तिबिलिसीहून रात्रगाडीने येरेव्हान, आणि त्याच वाटेने रेल्वेने परत. वाटेत प्रत्येक ठिकाणी घाई न करता राहायचं. आता तिकिटांबद्दल सांगा.

+१ सहप्रवासी

फार छान निर्णय. पुढच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

तिकीटखिडकी

तिकिटांचं मी सांगतो, कारण लोक इथेच जास्त अडकतात.

पास घ्यायचा का? युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल, बाहेरून येणाऱ्यांसाठी युरेल. दोन्हींचा ग्लोबल पास ३३ देशांत चालतो आणि त्यात तुर्कस्तान आहे, म्हणजे थेट कार्सपर्यंत उपयोगी. जॉर्जिया आणि आर्मेनिया त्यात नाहीत. इंटररेल असेल तर स्वतःच्या राहत्या देशात फक्त बाहेर पडण्याचा एक आणि परतीचा एक असे दोनच दिवस वापरता येतो, हे लक्षात ठेवा. रात्री निघालेल्या गाडीचा निघाल्याचा एकच दिवस धरला जातो, त्यामुळे रात्रगाड्यांनी पासचे दिवस वाचतात. मात्र फ्रान्सच्या वेगवान गाड्या आणि सगळीकडची शयनयानं यांचं आरक्षण वेगळं, पैसेही वेगळे. फ्रान्समध्ये पासधारकांसाठी जागा मर्यादित असतात, ते आरक्षण सर्वात आधी करा.

सुटी तिकिटं घेणार असाल तर एक नियम ध्यानात ठेवा. युरोपीय संघाचा नवा प्रवासी हक्कांचा नियम ७ जून २०२३ पासून लागू आहे. तासाभराहून जास्त उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात, काही अपवाद सोडून. पुढची गाडी चुकली तर पर्यायी गाडीने नेण्याची जबाबदारी मात्र एकसंध तिकीट असेल तरच. दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी गेली, तर दुसऱ्या कंपनीवर कायद्याने बंधन नाही. काही रेल्वे कंपन्यांमध्ये आपसात करार आहे, त्यानुसार आंतरराष्ट्रीय प्रवाशाला पुढच्या गाडीत घेतात. त्यासाठी उशीर झालेल्या गाडीतल्या कर्मचाऱ्याकडून तिथल्या तिथे लेखी नोंद किंवा शिक्का घ्या. नंतर मागितलं तर मिळत नाही.

म्हणून रात्रगाडी पकडायची असेल त्या दिवशी मधे तीन-चार तास मोकळे सोडा. सलग तीन रात्री गाडीत काढू नका, दोन रात्रींनंतर एक रात्र जमिनीवर झोपा.

बुडापेस्टहून बेलग्रेड-सोफिया असं सरळ खाली जाण्याचा मोह होतो, पण बेलग्रेड-सोफिया गाडी चालू नाही. बुखारेस्टवरूनच जा. बुखारेस्ट ते इस्तंबूल थेट डबा फक्त उन्हाळ्यात असतो, एरवी बल्गेरियात गाडी बदलावी लागते, नाहीतर सोफियाला जाऊन तिथून रात्रगाडी. या गाड्या इस्तंबूलच्या पश्चिमेला हलकालीपर्यंतच जातात. तिथून मार्मराय लोकल पकडायची, ती बॉस्फरसखालच्या बोगद्यातून जाते. २०१३ पासून दोन खंड असे लोकलने जोडलेले आहेत.

लांबपल्ला

कार्सच्या गाडीबद्दल भर घालतो. अंकारा-कार्स दोउ एक्स्प्रेस तेराशे किलोमीटर, पूर्ण एक दिवस आणि वर काही तास. हिवाळ्यात बर्फ बघायला तरुण मंडळी इतकी गर्दी करतात की शयनयानाची तिकिटं खुली होताच संपतात. म्हणून २०१९ मध्ये तिच्या जोडीला वेगळी पर्यटक गाडी सुरू केली. तुम्हाला साधी गाडीच बरी. अंकारा ते सिवास वेगवान मार्ग एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालाय, तेव्हा सिवासपर्यंत वेगवान गाडीने जाऊन, तिथे राहून, पुढे एक्स्प्रेस पकडता येते. पूर्वेकडचा बराच भाग डिझेलवर आहे, आकडेमोड यांच्या हिशेबात तेवढी भर धरा.

कार्सहून आर्मेनियाचं ग्युमरी नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतं, रूळही आहेत. पण तुर्कस्तान-आर्मेनिया सीमा १९९३ पासून बंद आहे. जॉर्जियातून वळसा घालूनच जावं लागेल, म्हणजे तुम्ही आखलंय तेच बरोबर.

खिडकीजवळची (धागालेखिका)

तिकीटखिडकी, लांबपल्ला, दोघांचेही प्रतिसाद छापून ठेवले. शेवटचा प्रश्न. बल्गेरिया-तुर्कस्तान सीमेवर रात्री उतरावं लागतं असं वाचलं. सोबत गुडघ्याचा त्रास असलेलं माणूस आहे. कितपत जड जाईल?

तिकीटखिडकी

कापिकुले या तुर्कस्तानच्या सीमेवरच्या स्थानकावर मध्यरात्रीनंतर सगळ्यांना उतरवतात. पासपोर्टवर शिक्का, मग सगळं सामान यंत्रातून, मग परत गाडीत. रांगेत उभं राहावं लागतं आणि हिवाळ्यात फलाटावर थंडी असते. सामान प्रत्येकी एकच ठेवा, स्वतःला उचलता येईल एवढंच. डब्याच्या पायऱ्या उंच आहेत. आरक्षण करताना खालचा बर्थ मागा, आणि शक्य असेल तर दोघांचा स्वतंत्र कप्पा घ्या. उतरताना डब्याच्या अटेंडंटला आधी सांगून ठेवलं तर तो सामान खाली द्यायला मदत करतो. आणि जाड मोजे हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नकोत.